बाराच्या काठावरून आलेली हाक

प्रिय दत्तू,

तुला शेवटचं पत्र लिहिलं त्याला चार वर्षं होऊन गेली. ते पत्र पोचायच्या आधीच तू गेला होतास आणि इथे बहारिनला बसून मला त्याचा पत्ताच नव्हता! आज पत्ता आहे, तरी लिहितोय. दादाला वेड लागलं म्हण हवं तर. पण लामिनचं पत्र आलंय रे, तुझ्या बाराहून. चार दिवस ते शर्टाच्या खिशात घेऊन फिरतोय. तुझ्याशी नाही बोलायचं तर कोणाशी बोलू?

लामिन म्हणजे तोच ना, तुझ्या फेरीबोटीवर दोर टाकणारा? तू त्याच्या उंचीच्या गोष्टी लिहायचास. तो लिहितो, नदी काठ खातेय. फेरीच्या धक्क्यामागे वाळूत तुला ठेवलंय, तिथून पाणी आता दहा-बारा पावलांवर आलंय. गावातले लोक आपापल्या माणसांना उकरून वर, माडाच्या झाडांकडे नेताहेत. "तुमच्या भावाचं काय करायचं ते पुढच्या मोठ्या उधाणाच्या आत कळवा," असं त्याने दोनदा लिहिलंय. पाकिटावरचा शिक्का बघितला, तर पत्र यायलाच तीन आठवडे गेलेत. कॅलेंडरवर अमावास्या कधी आहे ते मी रोज बघतोय, जशी काय ती बघून पुढे सरकणार आहे!

ऑफिसला आत्ता दुपारची सुट्टी आहे. सगळं मनामा जेवून आडवं झालंय. मी माझ्या टेबलाशी बसलोय आणि समोर लोकांचे पासपोर्ट पडलेत. तेच टेबल, दत्तू. ह्याच टेबलावर बसून मी तुला बाराला पाठवलं.

आठवतं, ते नाव पहिल्यांदा काढलं तेव्हा तू काय म्हणालास? उम्म अल हस्समच्या त्या खोलीत आपण सहाजण राहायचो. तू ड्राय डॉकवरून कोपरापर्यंत ऑइल घेऊन आला होतास. मी सांगितलं, आफ्रिकेच्या पश्चिमेला गॅम्बिया नावाची नदी आहे, तिच्या मुखाशी बारा म्हणून गाव आहे, तिथल्या फेरीबोटीच्या इंजिनावर आपल्या कंपनीला फिटर पाठवायचाय. तू साबण हातात धरून हसत सुटलास. "बारा? दादा, माजे बारा वाजवूक धाडतंस काय?" सगळी खोली हसली. मीही हसलो!

अर्बाबला, आपल्या अरब मालकाला, तुझं नाव मीच सुचवलं होतं. खाडीवर होडी चालवणाऱ्या तारीचा मुलगा आहे, भरती-ओहोटी त्याला कोणी शिकवायला नको, असं छाती फुगवून सांगितलं. अर्बाब खूश झाला. तुझा भाऊ दोन वर्षं तिथे टिकला तर तुला फॅमिली विसा देतो, म्हणाला. हे शेवटचं वाक्य मी तुला सांगितलं नाही. तुझ्या वहिनीला, मंगलला सांगितलं, गावाला पत्र लिहून. तुला नाही.

तुझी पहिली पत्रं काय मजेची होती रे! बाराला नदीच्या तोंडावर जुना किल्ला आहे, समुद्राकडे तोफा रोखलेल्या आहेत, अगदी आपल्या खाडीवरच्यासारखा. पूर्वी तिथला राजा नदीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबताकडून जकात घ्यायचा, मग गोऱ्यांनी किल्ला बांधला. पलीकडे बांजुल शहर, मध्ये एवढं रुंद पाणी की समोरची माणसं दिसत नाहीत. फेरीवर एका वेळी ट्रक, शेळ्या, कोंबड्या, शेंगदाण्याची पोती आणि एखादी नवरी. इंजिन मधेच बंद पडलं की सगळी वरात समुद्राकडे वाहायला लागायची आणि तू खाली ऑइलमध्ये बसून शिव्या घालायचास, त्याही मालवणीत! लामिनला त्यातल्या चार पाठ झाल्या, असं तू मोठ्या अभिमानाने कळवलं होतंस.

आणि एकदा लिहिलंस, "दादा, ओहोटीला इथले बाप्ये बायकांना आणि म्हाताऱ्यांना खांद्यावर बसवून होडीपर्यंत नेतात. बाबांची आठवण झाली." ते वाचून मी पत्र खाली ठेवलं होतं. आपले बाबा चिखलात मांडीपर्यंत रुतून माणसं न्यायचे ना, तस्सं. आपण दोघं काठावर बसून बघायचो, आज बाबा कोणाला पाडतात काय!

बाबांचा एकच नियम होता. पलीकडच्या काठावरून कोणी "ओ तारीऽऽ, होडी हाडाऽऽ" म्हणून हाक मारली की उठायचं. ताटावर असले तरी उठायचं, तापात असले तरी उठायचं. एकदा गणपतीच्या आरतीतून उठून गेले तेव्हा आये किती चिडली होती! बाबा म्हणाले, "गो, तेका पयल तडीर दुसरो कोण आसा?" हातातले टाळ खाली ठेवून वल्हं घेऊन गेले. पलीकडे एक म्हातारा होता, नारळाचं पोतं घेऊन. तू तेव्हा पाच वर्षांचा असशील. तुला हे आठवायचं कारण नाही, मला आठवायला हवं होतं.

कारण तू हाक मारलीस, दत्तू. एकदा नव्हे, तीनदा.

पहिल्या पत्रात लिहिलंस, ताप येऊन जातो. दुसऱ्यात, ताप येतो आणि जात नाही, गोळ्या संपल्या. तिसऱ्यात सगळं पत्रच दोन ओळींचं होतं. "दादा, माका हय रवाचा नाय. परमिट संपता हा, तां वाढवू नको, माका घराक जावचा आसा." अक्षर वाकडं झालेलं. सलमानियाच्या हॉस्पिटलात तुझं बोट शिवलं तेव्हा दिवसभर तुझ्याजवळून हललो नव्हतो मी. डॉक्टरला विचारत होतास, ह्या हाताने वल्हं मारता येईल ना म्हणून. तोच दादा तिसरं पत्र वाचून काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, कंटाळलाय, होईल सवय. मंगलच्या विसाचे कागद तेव्हा अर्बाबच्या सहीसाठी आत गेले होते. तू परत आला असतास तर ते तसेच बाहेर आले असते.

मग ती तार आली. आता जे लिहितोय ते चार वर्षांत कोणालाही सांगितलेलं नाही.

तारेत एवढंच होतं, "दत्ताराम एक्स्पायर्ड संडे. केबल इन्स्ट्रक्शन्स."

गावात कोणी 'एक्स्पायर झाला' म्हटलं की लोक हातातलं काम टाकून उभे राहतात. मला कळायला नको होतं? सख्खा भाऊ ना मी तुझा? पण माझ्या टेबलावर तो शब्द दिवसातून वीस वेळा येतो रे. ह्याचा विसा एक्स्पायर, त्याचा पासपोर्ट एक्स्पायर, अमक्याचं परमिट एक्स्पायर. मी शिक्का मारतो, तारीख बघतो, फॉर्म भरतो. तुझं परमिट त्याच रविवारी संपत होतं, माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. मला वाटलं, तिथल्या कारकुनाने आठवण केलीय. माणूसही एक्स्पायर होतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही!

तार खिशात घालून मी बाब अल बहारिनजवळच्या तारघरात चालत गेलो. रस्त्यात लिंबाचं सरबत प्यायलो. आणि तुझ्या मरणाच्या तारेला उत्तर दिलं: "रिन्यू सिक्स मंथ्स."

रिन्यू सिक्स मंथ्स! तुझं प्रेत तिथे पडलेलं आणि दादा सांगतोय, सहा महिने वाढवा. काय म्हणाले असतील ते लोक? हसले असतील? थुंकले असतील माझ्या नावावर? चार वर्षं मी हाच विचार करतोय, टायपिंग करताना, भाजी घेताना, मुलीची वेणी बघताना.

त्याच दिवशी सुमनला पत्र टाकलं, दत्तूचं परमिट वाढवलंय, ठीक आहे, सहा महिन्यांनी येईल. तुझी बायको ते पत्र देवापुढे ठेवून हिरव्या बांगड्या भरून आली, असं आयेने नंतर सांगितलं. तीन आठवड्यांनी तिकडच्या ऑफिसचं पाकीट आलं, त्यात तुझा पासपोर्ट होता, कोपरा कापलेला. कोपरा कापून रद्द केलेला पासपोर्ट मेलेल्या माणसाचा असतो, ते मला कोणी सांगायला नको. तोवर तुझा बारावा केव्हाच उलटून गेला होता. भटजींनी दर्भाचा पुतळा करून सगळं उरकलं. बाराला गेलास आणि बारावाही धड मिळाला नाही तुला! घरी मी सांगितलं, बातमी उशिरा आली, आफ्रिकेची पोस्ट तशीच. सगळ्यांनी मान डोलावली. आये गेल्या वर्षी तिकडे आलीय, तिला तू खरं सांगितलं नसशीलच. तू कधी माझी तक्रार केली नाहीस.

आणि मंगल आली. विसा मिळाला ना! उम्म अल हस्समलाच वेगळा फ्लॅट घेतला. मुलगी इंग्रजी शाळेत जाते, मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. समोरच्या गल्लीतून ताज्या खुब्ज रोटीचा वास येतो. घर छान आहे, दत्तू. मला त्या घरात श्वास घेता येत नाही.

आता लामिनच्या पत्रातलं ते ऐक, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. त्याने ते शाळेतल्या मास्तरांकडून इंग्रजीत लिहून घेतलंय. तो म्हणतो:

"तुमची तार आली तेव्हा ऑफिसात कोणालाच अर्थ लागेना. मास्तर म्हणाले, ही ह्यांची रीत असेल, सहा महिन्यांनी कबर नवी करायची. दत्ताच्या भावाने सांगितलंय म्हणजे करायलाच हवं. म्हणून मी दर सहा महिन्यांनी नवी करतो. जुनं काठ्यांचं कुंपण काढून नवं घालतो, पांढरे शिंपले धुऊन परत मांडतो, माझी बायको वाडगाभर भात ठेवते. आठ वेळा केलं. पुढच्या वेळी करायला जागा राहणार नाही. माफी असावी."

माफी असावी, म्हणतो तो! माझी माफी मागतो!

ते वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून बसलो. माझी हलकटपणाची तार त्या भल्या माणसाने देवाची आज्ञा समजून पाळली रे. मी इथे तुझं नाव काढायला घाबरत होतो आणि तो तिथे शिंपले धूत होता.

पत्राच्या शेवटी त्याने एक विचारलंय. "तापात दत्ता एकच शब्द परत परत म्हणत होता, हाडा, हाडा. हे तुमचं नाव आहे का?"

काय म्हणत होतास रे तू? दादा म्हणत होतास आणि त्याला हाडा ऐकू आलं? की पलीकडच्या काठावर उभं राहून 'होडी हाडा', होडी आणा, म्हणत होतास? दोन्हींत मीच आलो ना? सांग ना!

परवा अर्बाबकडे गेलो. सुट्टी मागितली. त्याने चहाचा पेला खाली ठेवला नाही. म्हणाला, "चार साल हो गया. भाई खलास, काम खलास. अभी जाके क्या करेगा? छुट्टी मफी, नहीं मिलेगा." मी म्हटलं, नदी नेतेय त्याला. तो म्हणाला, "बाद में देखेगा, इंशाल्ला." आता कसलं बाद में? त्याच्या सहीशिवाय गेलो तर परतीचा विसा नाही. माझा गेला की मंगलचा जातो, मुलीची शाळा जाते. हे सगळे कागद मीच तर भरतो, मला कोण समजावणार!

काल दुपारी मंगलला सगळं सांगितलं. तार, उत्तर, विसा, सगळं. ती गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी राहिली. डाळ तशीच राहिली अर्धी कच्ची. मला वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "म्हणजे मी चार वर्षं दत्तूभावजींच्या जागेवर राहतेय?" मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही जा. आम्ही गावाला जाऊ. विसा गेला तर जाऊ दे."

मग टेलिफोन ऑफिसातून गावच्या पोस्टात फोन लावला. पोस्टमास्तरांनी सुमनला बोलावून आणलं. पोहोचेपर्यंत धापा टाकत होती, तिला वाटलं मलाच काही झालं. मी सांगत गेलो. लाइन तुटली की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"आसंय, आयकतंय," ती म्हणाली. "सा म्हयने? तेंच्या मरणार तुमी सा म्हयने लिवलात?"

मी हो म्हटलं.

"आणि माका बांगड्ये भरूक लावलात."

मी परत हो म्हटलं. फोनमधून कोणीतरी पोस्टात शिक्के मारत असल्याचा आवाज येत होता.

"दादानु, हेच्या पुढे तुमी माज्याशी बोला नकात," सुमन म्हणाली. तुझी बायको कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "पण तेंका थंय ठेव नकात. तेंची हाडां घराक हाडा."

हाडां हाडा! दत्तू, तिला लामिनच्या पत्रातलं ते काहीच सांगितलं नव्हतं मी. तिच्या तोंडून ते असंच आलं, आपली भाषाच तशी. पण मी रिसीव्हर धरून उभा राहिलो आणि मला खाडीचा पलीकडचा काठ दिसला. तुझी हाक, तिची हाक, आणि बाबा ताटावरून उठताहेत.

आज सकाळी पुन्हा त्याच तारघरात गेलो. त्याच खिडकीपाशी. एवढंच लिहिलं, "डोन्ट रिन्यू. कमिंग." काउंटरवरचा केरळी पोरगेलासा कारकून म्हणाला, "साब, अ‍ॅड्रेस में बारा? ये नाम है कि नंबर है?" मी म्हटलं, गाव आहे, माझा भाऊ असतो तिथे.

पासपोर्टांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. आत्ता, हे लिहायला बसायच्या आधी, दोनशे लोकांच्या पासपोर्टांतून माझा काढून घेतला. आपलीच वस्तू चोरल्यासारखा खिशात घातला. अर्बाब साडेतीनला येईल. विमान त्याच्या आधी सुटतंय.

घाबरलोय मी, दत्तू. पोचेपर्यंत अमावास्या उलटून गेली तर? उधाण आधी आलं तर? नुसते शिंपले दाखवले लामिनने तर मी कोणाचे पाय धरू? मला काहीच ठाऊक नाही.

पण एवढं वचन देतो. तू सापडलास तर तिथेच, नदीकाठी, लाकडं रचून तुला आपल्या रीतीने अग्नी देईन. लामिनला सांगेन, हाडा हे माझं नाव नव्हे, पण यापुढे तेच समज. तुझी हाडं सुमनच्या ओटीत आणून घालीन, आणि ती म्हणेल तेव्हा, तिने मला होडीत घेतलं तर, आपल्या खाडीच्या मुखाशी सोडू. तिने नाही घेतलं तर काठावर उभा राहीन. चार वर्षांपूर्वी सरबत पीत तुला सहा महिने दिले मी, ते मला फेडता यायचे नाहीत, पण तू तिथे एकटा पडायचा नाहीस.

आणि एक काम तुझ्याकडे आहे. विमान बांजुलला उतरवणार, पलीकडच्या काठाला. फेरीसाठी मी धक्क्यावर उभा असेन, समोर तुझं बारा. मध्ये ते एवढं रुंद पाणी, तू लिहायचास ते. लोक हसले तर हसोत, मी तिथून बाबांच्या गिऱ्हाइकांसारखा ओरडणार आहे, "ओ तारीऽऽ, होडी हाडाऽऽ!"

मी नाही उठलो रे. तू उठ.

येतोय,
तुझा दादा